‘चालत नाही’ म्हणजे नक्की काय चालत नाही?

खुल्या सॉफ्टवेअरची निगा राखणाऱ्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार दोन शब्दांची असते: ‘चालत नाही’. काय चालत नाही, कुठे चालत नाही, आधी चालत होतं का, यातलं काहीही लिहिलेलं नसतं. सोबत कधी मोबाइलवर काढलेला पडद्याचा फोटो असतो. तो आधी व्हॉट्सअ‍ॅपवरून कुणाला तरी गेलेला असतो, मग वर्डच्या फाइलमध्ये चिकटवलेला असतो, आणि ती वर्डची फाइल आमच्याकडे आलेली असते. इतक्या हातांतून फिरल्यावर त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. ज्या मजकुरात घोटाळा झाला, तो मजकूर मात्र कुणी पाठवत नाही.

ही तक्रार किरकोळ वाटेल. मला ती किरकोळ वाटत नाही. खुल्या सॉफ्टवेअरमधले बहुतेक मोठे घोटाळे किरकोळ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टींतून उभे राहिले आहेत, आणि दुरुस्ती व साफसफाई ही कामं दुय्यम मानायची सवय त्याच्या मुळाशी आहे. म्हणून या किरकोळ गोष्टींबद्दलच, एकेक करून, लिहायचं आहे.

मी ज्या प्रकल्पाची देखभाल करते, तो लहान आहे. जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणून देणं एवढंच त्याचं काम. नोकरी वेगळी आहे. हे रात्री आणि सुट्टीच्या दिवशी चालतं. युनिकोड रुळण्याआधी महाराष्ट्रात छापखाने, वर्तमानपत्रं, कचेऱ्या यांचं काम श्री-लिपी, आयएसएम, कृतीदेव अशा फाँटांवर चालायचं. या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. कृतीदेवमध्ये इंग्रजी लहान ‘डी’च्या जागी क आहे आणि लहान ‘के’च्या जागी काना. फाँट यंत्रावर असेल तर पडद्यावर ‘का’ दिसतं, नसेल तर दोन इंग्रजी अक्षरं. जुन्या स्मरणिका, पाठ्यपुस्तकांची हस्तलिखितं, संस्थांची इतिवृत्तं असं बरंच काही आजही अशा फायलींमध्ये अडकून पडलं आहे.

ते सोडवणं म्हणजे नुसती अक्षराला अक्षर अशी अदलाबदल नव्हे. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून जुन्या फाँटांत ती आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. ‘स्थिती’ हा शब्द घेतला तर पहिली वेलांटी अर्धा स आणि थ दोन्ही ओलांडून पलीकडे न्यावी लागते. रफाराचं याच्या उलट. ‘कर्त्या’ लिहिताना जुन्या पद्धतीत रफार सगळ्यात शेवटी येतो. तो काना, य आणि अर्धा त यांच्या मागे, पार क पर्यंत परत आणावा लागतो. प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी. ‘डीव्ही-टीटी सुरेख’ आणि ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’ या नावांत एका अक्षराचा फरक आहे, आतली मांडणी मात्र निराळी आहे. त्यामुळे तक्रारीत नुसतं ‘सुरेख’ लिहून भागत नाही. आणि फाँटचं नावच नसेल, तर आम्हाला अंदाज बांधत बसावं लागतं. अर्ध्या तासाची दुरुस्ती मग आठवडाभर लांबते, आणि तो आठवडा पत्रव्यवहारात जातो.

दुसरी गोष्ट ‘मलाही’ची. एका तक्रारीखाली वीस-पंचवीस जण ‘मलाही हेच होतंय’ लिहून जातात. त्यांतल्या एकानेही स्वतःची फाइल जोडलेली नसते. सगळ्यांचा बग एकच आहे की तीन वेगळे बग एका तक्रारीखाली जमा झालेत, हे त्यामुळे कळत नाही. मग महिन्याभराने विचारणा सुरू होते: ‘अजून झालं नाही का?’, ‘प्रकल्प मेला आहे का?’ खुल्या सॉफ्टवेअरच्या बहुतेक परवान्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं की हे आहे तसं दिलं आहे, याची कोणतीही हमी नाही. हा परवाना स्वीकारूनच माणूस सॉफ्टवेअर वापरतो. तरी हमी दिल्यासारखा तगादा लावतो. तगाद्याने दुरुस्ती लवकर होत नाही. ज्याच्या मागे तगादा लागतो तो थकतो, आणि थकलेल्या माणसाच्या हातून प्रकल्प सुटतो.

यात अतिशयोक्ती वाटत असेल त्यांनी ‘एक्सझेड’चं प्रकरण आठवावं. फायली दाबून लहान करणारी ही छोटी लायब्ररी लिनक्सच्या जवळपास प्रत्येक प्रणालीत असते. तिची देखभाल वर्षानुवर्षं मुख्यत्वे एकच माणूस करत होता, बिनपगारी. २०२२ मध्ये त्याच्यावर काही ऑनलाइन खात्यांकडून दबाव येऊ लागला: काम संथ चाललंय, पॅच (इतरांनी पाठवलेले कोडमधले बदल) पडून आहेत, दुसऱ्या कुणाला तरी अधिकार द्या. त्याच काळात एक नवा सहकारी मन लावून मदत करत होता. त्याला अधिकार मिळाले. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा निघाला. तो त्या मदतनीसाच्याच हातून आत गेला होता, आणि तगादा लावणारी खातीही बनावट असावीत असं नंतर बहुतेकांचं मत झालं. ‘लवकर करा’ची कटकट हे हल्ल्याचं साधन ठरलं. ते चाललं याचं कारण असं की तशीच कटकट खरे वापरकर्तेही रोज करतात. खरी कोणती आणि खोटी कोणती, हे ओळखायला जागाच नव्हती.

तिसरी गोष्ट आमच्याच बाजूची. कित्येक प्रकल्पांनी आता तक्रारी बंद करायला बॉट नेमले आहेत. ६० दिवस कुणी बोललं नाही की तक्रार शिळी ठरते, आणखी ७ दिवस गेले की बंद. कुणी बोललं नाही म्हणून बग जात नाही. ज्याने नीट फाइल जोडून, पायऱ्या लिहून, वेळ काढून तक्रार लिहिली, त्याला दोन महिन्यांनी यंत्राकडून निरोप येतो की तुमचं प्रकरण संपलं. पुढच्या वेळी तो लिहीत नाही. उघड्या तक्रारींचा आकडा खाली येतो, आणि आकडा खाली आला म्हणून प्रकल्प निरोगी दिसतो. मला याची चीड येते. तक्रार ही नोंद आहे. ती दहा वर्षं उघडी राहिली तरी चालेल, खोटी बंद होता कामा नये.

दहा वर्षं हा आकडा मी उगाच वापरलेला नाही. लिब्रेऑफिसमध्ये एका परिच्छेदात ६५,५३५ पेक्षा जास्त अक्षरं मावत नव्हती. इतका लांब परिच्छेद कोण लिहितं, असं वाटेल. पण दुसऱ्या प्रोग्रॅममधून आणलेल्या मजकुरात ओळी तोडणाऱ्या खुणा गळाल्या, की अख्खी फाइल एकच परिच्छेद होऊन बसते. आमच्या जुन्या फाँटांच्या फायलींत हे वारंवार घडतं. ही मर्यादा जुलै २०१४ मध्ये आलेल्या ४.३ व्हर्जनमध्ये गेली. तोवर त्या बगला अकरा वर्षांहून जास्त काळ लोटला होता. तो लिब्रेऑफिसच्याही आधीचा, ओपनऑफिसच्या काळातला होता.

तो इतकी वर्षं का राहिला, हे समजून घेण्यासारखं आहे. या सॉफ्टवेअरचं मूळ जर्मनीतल्या स्टारडिव्हिजन कंपनीच्या स्टारऑफिसमध्ये आहे. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी घेतली, २००० मध्ये कोड खुला झाला, आणि २८ सप्टेंबर २०१० रोजी लिब्रेऑफिस वेगळं निघालं. तोपर्यंत कोडमध्ये मजकूर साठवायचे अनेक प्रकार शेजारी शेजारी नांदत होते. त्यातला जुना प्रकार लांबी १६ बिटांत मोजायचा, म्हणून ६५,५३५ ही हद्द. तो प्रकार इतक्या ठिकाणी रुजला होता की एका जागी बदलून उपयोग नव्हता. शिवाय कोडमधल्या असंख्य टिपा जर्मनमध्ये होत्या. नव्याने आलेल्या प्रोग्रॅमरला आधीच्याने अमुक गोष्ट अशी का केली, हेच कळत नव्हतं. मग स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं त्या टिपा इंग्रजीत आणल्या. कुठूनही न बोलावली जाणारी फंक्शनं शोधून काढून टाकली. जुना मजकूर-प्रकार एकेका फाइलमधून उपटून त्या जागी नवा बसवला. यातल्या एकाही कमिटने, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेल्या बदलाने, वापरणाऱ्याला पडद्यावर काही नवं दाखवलं नाही. पण ही साफसफाई झाली नसती, तर परिच्छेदाचा बग आजही तिथेच असता. साफसफाई आणि दुरुस्ती ही दोन वेगळी कामं नाहीत, हे मी सांगते तेव्हा माझ्यासमोर हे उदाहरण असतं.

म्हणूनच चौथ्या गोष्टीचा मला सर्वाधिक त्रास होतो: साफसफाईच्या नावाखाली येणारी खोटी साफसफाई. २०२० च्या ऑक्टोबरात एका मोहिमेत चार पॅच पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक पॅचचा पूर आला. कुणी माहितीच्या फाइलमध्ये ‘फारच छान प्रकल्प’ एवढं वाक्य घातलं, कुणी एखादा स्वल्पविराम हलवला. त्यात भारतातून आलेले पुष्कळ होते. हे कसं करायचं ते दाखवणारा एक हिंदी व्हिडिओही फिरत होता. आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावे लागले, आणि ज्या प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला असेल त्यातलेच पॅच मोजायचं ठरलं. असा प्रत्येक पॅच कुणीतरी उघडतो, वाचतो, नम्रपणे नाकारतो. तो वेळ खऱ्या बगचा असतो. ज्यांनी हे पॅच पाठवले ती मुलं शिकाऊ होती, आणि त्यांना खरं काम शिकायला मिळालं असतं तर त्यांनी ते केलं असतं, अशी माझी खात्री आहे. त्यांना शिकवणाऱ्यांनी कामाऐवजी कामाची पावती कशी मिळवायची, ते शिकवलं.

यापेक्षा घातक प्रकार म्हणजे चांगल्या हेतूने आलेला, पण सगळं एकत्र कालवलेला पॅच. हे तपशिलात सांगायला हवं.

आमच्या प्रकल्पात एकाने ‘कोड क्लीनअप’ एवढ्याच शीर्षकाचा पॅच पाठवला. त्यात चाळीसेक फायलींतला ओळींचा समास बदलला होता, काही फंक्शनांची नावं बदलली होती, आणि ‘अनावश्यक अदृश्य कॅरेक्टर’ काढणारी एक ओळ घातली होती. सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या. ज्याची पाळी होती त्याने पॅच मर्ज केला.

त्या अदृश्य कॅरेक्टरांत शून्य-रुंदीचा जोडक होता. इमोजीच्या कुटुंबचित्रांत माणसं जोडायला तो वापरला जातो, आणि पाठवणाऱ्याला इमोजीचे उरलेले तुकडे काढायचे होते. पण मराठीत या जोडकाला फार महत्त्वाचं काम आहे. ‘दऱ्या’मधला तो पापणीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक, खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडायचा, दुसरी, साधा र, हलन्त आणि मग हा जोडक. दुसऱ्या पद्धतीतला जोडक काढला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. सह्याद्रीच्या दऱ्या सह्याद्रीचा दर्या होतात. एका संस्थेच्या जुन्या हिशेबात ‘आचाऱ्यांचे मानधन’ असं होतं, ते बाहेर आलं ‘आचार्यांचे मानधन’. दोन्ही शब्द बरोबर आहेत, म्हणून शुद्धलेखन तपासणारं कुठलंही साधन अशा ठिकाणी बोट ठेवत नाही. हिंदीत या अर्ध्या र ची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदीच्या नमुन्यांवर बेतलेल्या टेस्टमध्येही हे सापडत नाही. वाचणाऱ्याने मूळ कागद शेजारी ठेवला तरच कळतं.

हिशेब लिहिणाऱ्या त्या संस्थेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी मूळ कागद शेजारी ठेवला होता. त्यांनी पाठवलेली तक्रार आदर्श होती: मूळ फाइल, फाँटचं पूर्ण नाव, आमच्या प्रोग्रॅमचं व्हर्जन, काय यायला हवं होतं, काय आलं, आणि आधीच्या व्हर्जनमध्ये हेच बरोबर येत होतं ही नोंद. शेवटची नोंद सोन्याच्या मोलाची होती. ‘आधी बरोबर होतं’ हे कळलं की कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये ‘बायसेक्ट’ करता येतं. बरोबर असलेलं जुनं टोक आणि चुकलेलं नवं टोक द्यायचं. गिट मधला कमिट काढून देतं, तिथे बरोबर आहे की चूक ते सांगायचं, की उरलेल्यातला अर्धा भाग बाद. हजार कमिट असले तरी दहा वेळा विचारून गुन्हेगार हाती येतो. इथेही कमिट लगेच सापडला. पण त्या एका कमिटमध्ये समासाच्या आणि नावांच्या हजारो बदललेल्या ओळी होत्या, आणि अपराध एका ओळीचा होता. ती ओळ हुडकायला बायसेक्टच्या कितीतरी पट वेळ लागला. समास, नावं आणि ती ओळ असे तीन वेगळे कमिट असते, तर दोष तिथल्या तिथे दिसला असता. लिनक्स कर्नलच्या नियमांत प्रत्येक स्वतंत्र बदलाचा स्वतंत्र पॅच असावा असं सांगितलेलं आहे, ते याचसाठी.

दुरुस्ती झाली. ती ओळ गेली, ‘दऱ्या-दर्या’ आणि ‘आचाऱ्यांना-आचार्यांना’ या जोड्यांची टेस्ट आली, आणि शेजारी हा जोडक का काढू नये याची चार ओळींची टीप आली. टेस्ट आधी लाल होताना पाहिली, मग दुरुस्ती केली, मग ती हिरवी झाली. हा क्रम पाळला नाही तर टेस्ट खरंच त्या बगला पकडते की नाही, हे कळत नाही.

समास बदलणाऱ्यांबद्दल आणखी एक. कोडमधली एखादी ओळ कुणी, कधी, कशासाठी लिहिली हे गिटमध्ये पाहता येतं, आणि दुरुस्ती करणाऱ्याला त्या माहितीचा सर्वांत मोठा आधार असतो. सगळ्या फायलींचा समास एकदम बदलला की प्रत्येक ओळीवर समास बदलणाऱ्याचं नाव येतं आणि खरा इतिहास खाली गाडला जातो. यावर उपाय आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या गिटच्या २.२३ व्हर्जनपासून असे कमिट इतिहास पाहताना वगळायची सोय आहे. वगळायच्या कमिटांची यादी एका फाइलमध्ये ठेवता येते. समास बदलणाऱ्याने ती यादी सोबत द्यावी, एवढीच अपेक्षा आहे. फार थोडे जण देतात.

पाचवी गोष्ट ‘साधी चूक आहे, बदला की’ म्हणणाऱ्यांची. काही चुका बदलता येत नाहीत, कारण बाकीचं जग त्यांच्यावर उभं राहिलेलं असतं. १९९६ च्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात ‘रेफरर’ या शब्दाच्या स्पेलिंगमधलं एक अक्षर गळालं, आणि आज प्रत्येक ब्राउझर ते चुकीचं स्पेलिंगच पाठवतो. दुरुस्त केलं तर समोरचे सर्व्हर ओळखणार नाहीत. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटने १९०० हे लीप वर्ष धरलं, जे ते नव्हतं. एक्सेलने जुन्या फायली चालाव्यात म्हणून २९ फेब्रुवारी १९०० हा अस्तित्वात नसलेला दिवस तसाच ठेवला. लिब्रेऑफिसच्या कॅल्कने तो खोटा दिवस मानला नाही. त्याने दिवसांच्या मोजणीत शून्याचा दिवस ३० डिसेंबर १८९९ धरला, म्हणजे १ मार्च १९०० पासून पुढचे सगळे क्रमांक एक्सेलशी जुळतात. जो हा इतिहास न वाचता ‘३० डिसेंबर हे विचित्र दिसतं’ म्हणून ते ‘साफ’ करेल, तो लाखो फायलींतल्या तारखा हलवेल. विचित्र दिसणारी ओळ काढण्याआधी ती तिथे का आहे ते शोधणं, हा साफसफाईचा पहिला भाग आहे. लिहिणाऱ्यानेही कारण लिहून ठेवायला हवं. ‘हे नंतर नीट कर’ अशा टिपेला कारण म्हणत नाहीत.

आता सगळ्यांत मोठी गोष्ट: या कामाची गणती. कोड घातला की काम झालं, कोड काढला की काही झालं नाही, असा हिशेब सर्वत्र चालतो. नव्या व्हर्जनच्या जाहीरपत्रात नव्या सोयी वर असतात आणि दुरुस्त्या तळाला ‘इतर’ म्हणून एका ओळीत. मुलाखतीत ‘तुम्ही काय बनवलं?’ विचारतात, ‘तुम्ही काय टिकवलं?’ कुणी विचारत नाही.

या हिशेबाची किंमत एप्रिल २०१४ मध्ये कळली. ओपनएसएसएल या लायब्ररीवर इंटरनेटवरच्या सुरक्षित व्यवहारांचा फार मोठा भाग चालत होता. तिच्यात ‘हार्टब्लीड’ नावाने प्रसिद्ध झालेला बग सापडला. समोरच्याने सांगितलेली लांबी आणि त्याने खरोखर पाठवलेला मजकूर यांचा मेळ घालणारी तपासणी राहून गेली होती. त्यामुळे कुणालाही सर्व्हरच्या मेमरीतला एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंतचा भाग वाचता येत होता. त्यात पासवर्डही असू शकत होते. हा कोड मार्च २०१२ पासून सगळ्या जगासमोर उघडा होता. खुला आहे म्हणजे अनेकांनी पाहिला असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात त्या प्रकल्पाला वर्षाला साधारण २,००० डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्ण वेळ काम करणारा जेमतेम एक माणूस होता. नंतर ओपनबीएसडी या प्रणालीच्या लोकांनी त्या कोडची लिब्रेएसएसएल ही वेगळी शाखा काढली आणि पहिल्याच आठवड्यात ९०,००० च्या वर ओळी काढून टाकल्या. केव्हाच वापरातून गेलेल्या प्रणालींसाठी लिहिलेला कोड तिथे वर्षानुवर्षं पडून होता, आणि त्या गर्दीत चूक दिसणं अवघड झालं होतं.

कोकणात पावसाळ्याआधी घराची कौलं शाकारतात. त्याने घराला खोली वाढत नाही, पण ते एक वर्ष चुकवलं तर काय होतं हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही समज अजून यायची आहे.

ती काही ठिकाणी येते आहे, हेही नोंदवायला हवं. जर्मन सरकारने २०२२ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरच्या पायाभूत भागांच्या देखभालीसाठी सॉव्हरिन टेक फंड सुरू केला. २०२३ मध्ये त्यातून लिनक्ससाठी डेस्कटॉप बनवणाऱ्या ग्नोम प्रकल्पाला १० लाख युरो मिळाले. आपल्याकडे झिरोधा या शेअर-दलाली कंपनीने २०२४ मध्ये खुल्या प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. अशी उदाहरणं मोजकी आहेत. मराठीच्या बाबतीत तर शासन, विद्यापीठं, प्रकाशक सगळेच खुली साधनं वापरतात, आणि त्यांच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात सहसा एक ओळही नसते.

म्हणून माझं मागणं थोडक्यात असं आहे. तक्रार लिहिणाऱ्याने पाच गोष्टी द्याव्यात: मूळ फाइल किंवा घोटाळा दाखवणारा तिचा छोटा तुकडा, व्हर्जन, काय केलं त्याच्या पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं. आधी बरोबर चालत होतं का, हे माहीत असेल तर सहावी. पॅच पाठवणाऱ्याने एका पॅचमध्ये एकच काम करावं आणि काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहावं. बग दुरुस्त करणाऱ्याने त्याची टेस्ट ठेवल्याशिवाय तो दुरुस्त झाला असं म्हणू नये. तक्रारी आपोआप बंद करणारी यंत्रं बंद करावीत. महाविद्यालयांनी प्रकल्पांच्या गुणांत एखाद्या चालू प्रकल्पातला जुना बग नीट शोधून दुरुस्त करण्याला नवं अ‍ॅप बनवण्याइतकंच वजन द्यावं. मुलं यात जास्त शिकतील, कारण इथे दुसऱ्याने लिहिलेलं वाचावं लागतं.

एक्सझेडचा चोरदरवाजा कसा पकडला गेला, ते यासाठी सगळ्यांना शिकवायला हवं. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड एका यंत्रावर वेगाच्या चाचण्या घेत होते. दूरच्या यंत्रात लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो, असं त्यांना दिसलं. अर्ध्या सेकंदाने कुणाचं काम अडत नव्हतं. त्यांनी तरी कारण शोधलं, ते एक्सझेडपर्यंत पोहोचलं, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळे तपशील जाहीर केले. जगभरच्या स्थिर प्रणालींत तो चोरदरवाजा पोहोचायच्या आत थांबला. त्यांनी जे केलं त्याला नवी सोय म्हणत नाहीत, आणि कुठल्याही जाहीरपत्रात ते ‘नवीन काय’ या मथळ्याखाली बसत नाही.

तो मथळाच बदलायला हवा. प्रत्येक व्हर्जनच्या जाहीरपत्रात पहिला भाग दुरुस्त्यांचा असावा, काढलेल्या ओळींचा आकडा घातलेल्या ओळींइतक्याच ठळक अक्षरांत छापावा, आणि ज्याने तक्रार नीट लिहिली त्याचं नाव ज्याने ती सोडवली त्याच्या नावाशेजारी यावं. आमच्या प्रकल्पात आम्ही हे सुरू केलं आहे. त्याला पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. बाकीच्या प्रकल्पांनीही हे पुढच्या व्हर्जनपासून करावं.